पेढा, बर्फी आणि तीन किलो कांदे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



अलीकडे आमच्या लोणंदमध्ये डोहाळजेवणाच्या ज्या पत्रिका येतात, त्यांवर 'डोहाळजेवण' या शब्दाशेजारी 'बेबी शॉवर' असंही छापलेलं असतं. कार्यालय तेच, हिरवी साडी तीच, फुलांचे दागिने तेच, पंगतही तीच. नाव तेवढं दुहेरी. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लग्नातल्या 'रिसेप्शन'ला आपण सरावलो, तसे यालाही सरावू. मला आज बोलायचं आहे ते या कार्यक्रमात जे खेळ होतात त्यांच्याविषयी.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. चाळीस-पन्नास मुलांना एका खोलीत हसतंखेळतं ठेवायची सवय हाडात मुरलेली. निवृत्तीनंतर ती सवय भलत्याच ठिकाणी उपयोगी पडली. लोणंद, नीरा, शिरवळ, फलटण या पट्ट्यात कुणाकडे डोहाळजेवण असलं की निरोप येतो, "बाई, खेळ घ्यायला या." मी जाते. पाच-पन्नास बायका, चार-दोन कंटाळलेले पुरुष आणि मध्ये पाटावर नाहीतर झोपाळ्यावर बसलेली ती मुलगी, असा माझा नवा वर्ग असतो. या वर्गात मी जे पाहिलं, त्यातून काही गोष्टी तुमच्यापुढे ठेवते.

आधी या समारंभाचं मूळ पाहू. डोहाळे हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला. सुश्रुतसंहितेत गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हटलं आहे, म्हणजे जिच्या शरीरात दोन हृदयं आहेत ती. तिची इच्छा ही दोन जिवांची इच्छा, म्हणून ती पुरवावी, असा त्यामागचा विचार. कालिदासाने 'रघुवंशा'त राणी सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लागल्याचं वर्णन केलं आहे. राजाची राणी, पण डोहाळे मात्र आपल्या गावातल्या बायकांसारखेच!

आमच्या भागातले शेतकरी हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने जाणतात. ज्वारी पोटरीत आली की तिला पाण्याचा ताण पडू द्यायचा नाही, हे शेतात राबणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. कणीस पोटात असताना ताण पडला तर दाणा भरत नाही. सातव्या महिन्यात पोरीला मधे बसवायचं, गोडधोड खाऊ घालायचं, तिच्याभोवती गाणी म्हणायची, उखाणे घ्यायचे, हसायचं, यामागे तेच शहाणपण आहे. तिच्यावर ताण पडू द्यायचा नाही. डोहाळजेवणातला खेळ आहे तो याच्यासाठी. तो पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नाही, आणि फोटोसाठी तर नाहीच नाही.

हे लक्षात ठेवून आता या समारंभातल्या सगळ्यांत लाडक्या खेळाकडे वळते. पेढा की बर्फी!

तुम्हाला तो माहीत आहेच. दोन वाट्या झाकून ठेवायच्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. होणाऱ्या आईने एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. दोन मिनिटांचा खेळ, पण त्याच्यासाठी सगळं कार्यालय उठून उभं राहतं. स्वयंपाकघरातल्या बायका हात पुसत बाहेर येतात. बाहेर गप्पा मारणारे पुरुष दारात येतात. मोबाइल वर होतात.

या खेळाच्या गमतीही पुष्कळ. एका घरी सासूबाईंनी दोन्ही वाट्यांत पेढाच ठेवला होता. सुनेने वाटी उघडली, पेढा निघाला, सासूबाई धन्य झाल्या. एका पोराने खोडी करून दुसरी वाटी उघडली आणि बिंग फुटलं. दुसऱ्या एका घरी तीन मुलांनंतर चौथीच्या वेळी आजेसासूबाईंनी दोन्हीकडे बर्फी ठेवली होती. "मला आता वेणी घालायला कुणीतरी पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. सगळे पोट धरून हसले.

पण मी मास्तरीण. वर्गाचा आवाज ऐकून वर्गात काय चाललंय ते ओळखायची मला सवय. म्हणून सांगते, पुढच्या वेळी या खेळाच्या वेळी डोळे मिटा आणि नुसता आवाज ऐका. पेढा निघाला की टाळ्या आपोआप पडतात. बर्फी निघाली की कुणाला तरी सांगावं लागतं, "अगं, टाळ्या वाजवा की! लक्ष्मी आली!" टाळ्या पडतात, पण सांगितल्यावर. 'लक्ष्मी आली' हे वाक्य पेढा निघाल्यावर कधी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथे समजूत घालायची गरजच पडत नाही.

आणि जिच्यासाठी हा सगळा समारंभ, तिच्याकडे पाहा. पहिली मुलगी असेल आणि ही दुसरी खेप असेल, तर वाटीवरचं झाकण उचलताना तिची बोटं कशी होतात ते पाहा. ताण पडू नये म्हणून मांडलेला समारंभ, आणि त्यात सगळ्यांत मोठा ताण आपण तिला दोन वाट्यांतून देतो.

तुम्ही म्हणाल, बाई, खेळच तो, एवढं मनावर काय घ्यायचं? एरवी मीही तसंच म्हटलं असतं. पण हा खेळ आपण सातारा-सांगलीत खेळतो, आणि इथली गोष्ट जरा वेगळी आहे.

शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागे किती मुली आहेत, हे जनगणनेत मोजतात. २००१ साली महाराष्ट्राचा आकडा ९१३ होता. आपल्या सातारा जिल्ह्याचा ८७८. सांगलीचा त्याहून खाली, ८५१. २०११ साली सातारा ८९५ वर आला आणि सांगली ८६७ वर. थोडं सावरलं, पण थोडंच. निसर्गाच्या हिशेबाने दर हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्माला येतात. खालच्या फरकाचा हिशेब निसर्गाकडे मागता येत नाही, तो आपल्याकडेच आहे.

आणखी एक गोष्ट. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात एक समारंभ झाला. जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. का? तर त्यांची जन्माची नावं 'नकोशी', 'नकुसा' अशी होती. मुलगी नको होती, झाली, तर निदान पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून हे नाव. शाळेच्या हजेरीपटावर हे नाव वाचायचं कसं, हा प्रश्न माझ्यासारख्या शिक्षिकांना पडत असे. रोज सकाळी मोठ्याने 'नकोशी' अशी हाक मारायची, आणि त्या लेकराने 'हजर' म्हणायचं! त्या दिवशी त्या मुली ठेवणीतले कपडे घालून, केसांना रिबिनी लावून आल्या, नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं घेऊन घरी गेल्या.

म्हणून म्हणते, आपल्याकडे वाटीतली बर्फी नुसती बर्फी राहत नाही.

कायदाही आपल्याला तेच सांगतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, साल १९८८. देशाचा कायदा १९९४ चा. त्यात म्हटलं आहे की गर्भ मुलाचा की मुलीचा हे शब्दाने, खुणेने किंवा आणखी कुठल्याही तऱ्हेने कुणी सांगायचं नाही. 'खुणेने' हा शब्द उगाच घातलेला नाही. सरळ सांगता येत नाही म्हणून सांकेतिक शब्द वापरले गेले, आणि त्यांत मिठाईचीही नावं होती, असं या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते सांगत आले आहेत. साताऱ्याच्याच दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी आयुष्य वेचलं. २०२५ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यातल्या बाईला जगाने ज्या कामासाठी गौरवलं, त्याच जिल्ह्यातल्या कार्यालयात आपण बर्फी निघाली म्हणून हळहळायचं, हे काही शोभत नाही.

आता घरातली तरुण मुलं मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दाखवतात. केक कापला, आतून गुलाबी निघाला की मुलगी, निळा निघाला की मुलगा. तिथे सोनोग्राफीतून आधीच माहीत असतं, ते केकमधून जाहीर करतात. इथे ते माहीत करून घेणंच गुन्हा आहे, तेव्हा त्या केकची नक्कल आपल्याला करता येणार नाही आणि करूही नये. गंमत अशी, की २००८ साली असा केक कापून ज्या अमेरिकन बाईंमुळे ही टूम पसरली, त्यांनीच २०१९ साली जाहीरपणे सांगितलं की या प्रकाराला जे वळण लागलं त्याचं आपल्याला वाईट वाटतं, आणि बाळ मुलगा की मुलगी याला एवढं महत्त्व द्यायला नको होतं.

खरं सांगायचं तर पेढा-बर्फीच्या खेळात शास्त्राच्या दृष्टीने दोन मोठ्या चुका आहेत. एक म्हणजे तो फार उशिरा खेळला जातो. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेलं असतं, सातव्या महिन्यात नाही. आणि दुसरी चूक म्हणजे वाट्या चुकीच्या माणसापुढे ठेवल्या जातात. ते ठरतं पुरुषाच्या बीजावरून. तेव्हा वाट्या मांडायच्याच असतील तर जावईबापूंना पाटावर बसवा! मी हे कार्यालयात बोलते तेव्हा बायका खूप हसतात, आणि पुरुष हळूच पंगतीकडे सरकतात.

आणि तरी लोक म्हणतात, "आमच्याकडे अगदी खरं ठरलं हो!" ठरणारच. दहा घरांत खेळ मांडला तर साधारण पाच घरांत खरं ठरणार. ज्यांचं चुकलं ते विसरून जातात, ज्यांचं जुळलं ते दहा वर्षं सांगत राहतात.

ही मुलग्याची ओढ आजची नाही, हेही कबूल करायला हवं. गर्भवतीसाठी सांगितलेल्या जुन्या संस्कारांत 'पुंसवन' आहे, आणि मुलगाच व्हावा ही इच्छा त्याच्या नावातच आहे. पण त्याच परंपरेत दुसरा एक सुंदर प्रकारही आहे. गोभिल गृह्यसूत्रात सीमंतोन्नयनाच्या विधीत तूप घातलेल्या भाताचं भांडं गर्भवतीपुढे धरायचं आणि विचारायचं, तुला यात काय दिसतं? तिने सांगायचं की मला यात प्रजा दिसते, पशुधन दिसतं, सौभाग्य दिसतं, पतीचं दीर्घायुष्य दिसतं. आणि मग तो भात तिनेच खायचा. बघा, इथेही भांडंच आहे आणि त्यात डोकावणंच आहे. पण उत्तर तिने द्यायचं आहे, आणि त्या उत्तरातल्या 'प्रजा' या शब्दात लेकही आली आणि लेकही आला. प्रश्न बदलला की खेळ कसा बदलतो ते यात दिसतं.

मी तेच करायचं ठरवलं. पेढा-बर्फी बंद करा असं म्हणून लोक ऐकत नाहीत, उलट चिडतात. मी त्याहून गोड खेळ पुढे करते. आणि एक नियम पाळते. होणारी आई कुठल्याच खेळात परीक्षेला बसणार नाही. ती पंच. बाकीच्यांनी खेळायचं आणि तिने निकाल द्यायचा. हा एवढा बदल केला तरी तिच्या चेहऱ्यावरचा फरक तुम्हाला दिसेल.

पहिला खेळ खास लोणंदचा. आमच्या गावाची ओळख दोन गोष्टींनी. आषाढीला निघालेली माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते, ही एक. आणि कांद्याची बाजारपेठ ही दुसरी. कांदा हातात घेऊन वजन सांगणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. म्हणून मी कांद्यांची एक पाटी मध्ये ठेवते. शेजारी दुकानातला वजनकाटा. प्रत्येकीने यायचं, न मोजता ओढणीत कांदे घ्यायचे, गाठोडं बांधायचं आणि बाळासारखं हातावर घेऊन बसायचं. गाठोडं बरोब्बर तीन किलोचं झालं पाहिजे. मध्यम आकाराचे तीसेक कांदे लागतात, पण हे आधी सांगायचं नाही. मग एकेक गाठोडं काट्यावर. कुणाचं दीड किलो भरतं, कुणाचं साडेपाच! "अगं, हे बाळ आहे की बैल?" असा गलका उठतो.

हसून झालं की मी सांगते, नुकत्या जन्मलेल्या बाळाचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असलं तर ते कमी वजनाचं समजतात. त्याला जपावं लागतं. मग मी बरोब्बर अडीच किलोचं गाठोडं बांधून सासूबाईंच्या हातात देते. "याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. सुनेच्या ताटाकडे लक्ष ठेवा." दहा भाषणांनी जे होत नाही ते त्या ओझ्याने होतं. कारण वजन हातावर तोललेलं असतं. अंदाजच करायचा तर मुलगा की मुलगी याचा कशाला? बाळ सुदृढ किती याचा करा. एकच सावधगिरी सांगते. पुष्कळ जणींना दिवस असताना कांद्याचा वास सोसत नाही. कांद्याच्या गावात सून म्हणून यायचं आणि कांद्याच्या वासाने उमासे काढायचे, अशा कितीतरी जणी मी पाहिल्यात. तसं असेल तर बटाटे घ्या. बटाटा गरीब असतो, तो कुणाला छळत नाही.

दुसरा खेळ 'डोहाळे ओळखा'. ज्यांची बाळंतपणं झाली आहेत त्या बायकांनी एकेक करून पुढे यायचं आणि आपल्याला कसले डोहाळे लागले होते ते न बोलता करून दाखवायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. चिंच, कैरी, आवळा लगेच ओळखू येतात. पण एखादी सत्तरीची आजी उठते आणि भिंत नखाने खरवडून तोंडात घातल्याचं दाखवते. दुसरी पाटीवरची पेन्सिल. तिसरी चुलीतली भाजकी माती. मघाची सुदक्षिणा राणी आठवली ना? या खेळात म्हाताऱ्या बायका जेवढ्या खुलतात तेवढ्या कशातच नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गोष्टीची चोरी होती ती आज सगळ्यांसमोर सांगायला मिळते.

यातही एक कामाची गोष्ट आहे. माती, खडू, राख खावीशी वाटणं हे पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. गरोदरपणात हिमोग्लोबिन अकराच्या खाली असलं की तो रक्तक्षय. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात, चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. खेळ संपताना मी होणाऱ्या आईच्या कानात विचारते, "तुला काय खावंसं वाटतं गं?" आणि कधीकधी ती कानातच सांगते, "बाई, खडू." मग तिला आशाताईंच्या हवाली करायचं. हा डोहाळा मात्र पुरवायचा नाही.

तिसरा खेळ पुरुषांचा. त्यांनी दारातून नुसती मजा बघायची हे मला मंजूर नाही. एका सुपात वीस वस्तू मांडते. दुपटं, झबलं, टोपडं, लंगोट, जुन्या सुती साडीचे धुतलेले तुकडे, वाटी-चमचा, बॅटरी, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्डाची प्रत, बँकेचं पासबुक, रक्तगटाची चिठ्ठी, आणि एका कागदावर १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक. सूप एक मिनिट दाखवायचं आणि झाकायचं. होणाऱ्या बापाने आठवून यादी म्हणायची, आणि मग दोन मिनिटांत दवाखान्याची पिशवी भरायची. नवरे झबलं विसरत नाहीत, कार्ड विसरतात. एकाला झबलं आणि टोपडं यांतला फरक कळेना, त्याने झबल्याचीच टोपी केली. तेव्हा त्याची बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पण रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर ती पिशवी कुठे आहे हे त्या घरात निदान दोघांना ठाऊक असेल.

यालाच जोडून बाहुलीला दुपट्यात गुंडाळायची शर्यत ठेवता येते. दोन आजोबा समोरासमोर बसवा. सगळं कार्यालय त्यांच्याभोवती गोळा होतं.

चौथा खेळ नावांचा. नावं काढायची, पण अट अशी की नाव मुलाला आणि मुलीला दोघांनाही चाललं पाहिजे. किरण, शीतल, मंगल, नयन, गुलाब, हिरा. सुरुवातीला बायका अडतात, मग आठवत जातात. "आमच्या आत्याचे यजमान हिरा आणि शेजारीणही हिरा!" नाव आणि त्याचा अर्थ, दोन्ही सांगायचे. ज्या जिल्ह्यात लेकरांना 'नकोशी' म्हणून हाक मारली गेली, तिथे बाळ यायच्या आधीच त्याच्यासाठी पन्नास सुंदर नावं तयार आहेत, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. एका डोहाळजेवणात नावं घेता घेता एका बाईने उखाणाच रचला:

लोणंदच्या बाजारात कांद्यांची रास,
बाळ यावं सुखरूप, हीच रावांची आस.

'मुलगा' शब्द नाही, 'मुलगी' शब्द नाही. 'सुखरूप' हा शब्द आहे. त्या दिवशी टाळ्या वाजवा म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही.

आता जरा अवघड गोष्ट. पुष्कळ घरांत ओटी भरायला सवाष्णच लागते, लेकुरवाळीच लागते, असं अजून मानतात. मग विधवा बहीण, मूल न झालेली जाऊ, नुकताच गर्भ पडलेली मैत्रीण या मागच्या रांगेत बसतात, नाहीतर येतच नाहीत. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांना अवमानित करणाऱ्या प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा त्याचा गाजावाजा झाला. पण अशा प्रथा घरातल्या घरात शांतपणे चालू असतात.

याच खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी तिथे सावित्रीबाई फुल्यांचा जन्म झाला. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी केली, त्यांची बाळं वाचवली, आणि त्यांतल्याच एकाला दत्तक घेतलं, कारण त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. पुढे त्याला शिकवून डॉक्टर केलं. मी बायकांना विचारते, सावित्रीबाई आज तुमच्या डोहाळजेवणाला आल्या असत्या, तर तुम्ही त्यांना कुठल्या रांगेत बसवलं असतं? कुणी बोलत नाही. मग एखादी उठते आणि मागच्या रांगेतल्या बाईचा हात धरून तिला पुढे आणते. खेळाचं एक बरं असतं. ओटीला अटी असतात, खेळाला नसतात. कांद्याचं गाठोडं कुणीही हातावर घ्यावं.

शेवटी काही साध्या सूचना. खेळ पाऊण तासात आटपा. होणाऱ्या आईला आधी खाऊ घाला, मग खेळ. तिला पाठीला टेकू द्या, झोपाळ्याला जोरात झोके देऊ नका, आणि कंटाळा आला तर उठून आत जाऊन पडायची मोकळीक ठेवा. फुलांचा वास सोसत नसेल तर दागिने उतरवू द्या, फोटो चार कमी निघाले तरी चालतील. पोटाचा घेर दोऱ्याने मोजायचा, तो आधी ओळखायचा, असा एक खेळ हल्ली आला आहे. तो मी घेत नाही. कुणाचं पोट केवढं यावर पन्नास जणांनी बोलावं, यात गंमत नाही. आणि ज्यांना कार्यालयाचा खर्च झेपत नाही त्यांनी मन छोटं करू नये. २०१८ पासून पोषण अभियानात अंगणवाडीतही गर्भवतींची ओटी भरण्याचे कार्यक्रम होतात. सतरंजी, पाटीभर कांदे आणि एक काटा मिळाला की तिथेही हे सगळे खेळ होतात. मी तिथेही जाते.

राहता राहिला पेढा आणि बर्फी. मी त्यांना हद्दपार केलेलं नाही. पेढा काय आणि बर्फी काय, दोन्ही खव्याचे आणि साखरेचे. कढईतून उतरेपर्यंत हलवायालाही फरक ठाऊक नसतो. वळला की पेढा, थापून कापला की बर्फी. म्हणून मी दोन्ही एकाच ताटात ठेवायला सांगते, झाकण न घालता. पहिला घास त्या मुलीला, तिला हवा तो. कुणाला तिने पेढा निवडल्यावरून काही तर्क करायचा असेल, तर तिला पेढा आवडतो एवढा एकच करावा.